दोन्ही घरचा पाहुणा

'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो स्वतः पाहुणा नसून यजमान असला पाहिजे, अशी अलीकडे माझी खात्री होत चालली आहे. पाहुण्याने ती म्हण रचली असती तर तिच्यात त्या दोन घरांविषयी एखादा तरी शब्द आला असता. एका घराने पान मांडले आहे की नाही हे दिवस मावळेपर्यंत सांगितले नाही, दुसऱ्याने 'या, पण एकदा पाटावर बसलात की उठता येणार नाही' असे बजावले, हा तपशील म्हणीतून गळून गेला आहे. उरली आहे ती केवळ पाहुण्याच्या पोटाची हकीकत. आणि तिचा दोष अर्थातच त्याच्या हावेकडे. आपल्या भाषेतील व्यवहारज्ञानाला दोन या संख्येविषयी काही जुने वैर असावे. दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो, दोन्ही घरी जाणारा उपाशी राहतो. शहाणा तो एका दगडावर उभा राहतो, मग तो दगड पाण्याखाली का जाईना!

गेली तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना या म्हणींचा मी सढळ हाताने उपयोग केला आहे. एकाच वेळी दोन परीक्षांना बसणारे, दोन शहरांत अर्ज टाकून ठेवणारे विद्यार्थी सहीसाठी माझ्याकडे येत. मी सही करी, आणि सहीबरोबर एक म्हणही देई. म्हणीला खर्च येत नाही. परंतु २०२३ च्या दिवाळीत आमच्याच घरात असा पाहुणा निघाला, आणि तेव्हापासून ही म्हण माझ्या तोंडून सहजासहजी बाहेर पडेनाशी झाली.

आमचे गाव दातिवरे. वैतरणा नदी समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तर काठावर ते वसले आहे. पलीकडे अर्नाळा, हवा स्वच्छ असली म्हणजे तेथील किल्ल्याचा तट आमच्या किनाऱ्यावरून दिसतो. आगगाडी गाठायची तर सफाळ्याला जावे लागते, आणि मुंबईकडे निघालेली गाडी पुढे वैतरणेचा पूल ओलांडते. त्यामुळे आमच्याकडील म्हाताऱ्या माणसांना एक विनोद आयता मिळाला आहे. ते म्हणतात, "लोक मेल्यावर वैतरणी ओलांडतात, आम्ही नोकरीसाठी ओलांडतो." मीही नोकरीसाठीच ती ओलांडली. माझे थोरले बंधू, दादा, अलीकडेच राहिले. घर, माडांची वाडी आणि आई ही तिन्ही त्यांनी सांभाळली. त्यांची मुलगी शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन त्या वर्षी उमेदवारीचे वर्ष पुरे करीत होती.

फराळाच्या वेळी तिने शांतपणे सांगितले, की पदव्युत्तर शिक्षणासाठी ती इकडची परीक्षा देणार आहे आणि तिकडचीही. तिकडची म्हणजे अमेरिकेची. त्यांतील एक पायरी तिने कोणाला न सांगता ओलांडलीही होती. दादा काही बोलले नाहीत. वहिनी आत चहा पाहायला गेल्या. आईने मात्र हातातली करंजी ताटात ठेवली आणि ती म्हण उच्चारली.

"दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, बाय."

"आजी," पुतणी म्हणाली, "मला दोन्ही घरी जेवायला बोलावले आहे असे कोण म्हणाले? मी तर अजून दोन्ही दारांत उभी आहे."

हे उत्तर मला त्या वेळी उद्धट वाटले. ते किती नेमके होते हे कळायला मला सव्वा वर्ष लागले.

दारात उभे राहण्याचीही एक परंपरा आहे. ज्या काळात आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्याची इच्छा धरून बसल्या, त्या काळी त्यांच्यापुढे दोन दारांचा प्रश्नच नव्हता. येथे मानाने शिरता येईल असे एकही दार त्यांना दिसत नव्हते. १८८३ साली श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांनी आपण अमेरिकेला का जातो याची कारणे सांगितली, त्याच वर्षी कलकत्त्याहून बोटीत पाऊल ठेवले, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली, पण ते काम करण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्या गेल्या. परदेशांतील वैद्यकीय पदव्या तपासून अमेरिकेत शिरण्याचा दाखला देणारी संस्था आज त्याच फिलाडेल्फियात आहे. तिच्याशी पत्रव्यवहार करताना माझ्या पुतणीला तो योगायोग ठाऊक होता. "त्यांना एक दार परदेशात शोधावे लागले," ती मला म्हणाली, "मला दोन आहेत, आणि तेवढ्यानेच मी लोभी ठरते."

आता या दोन घरांची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. कारण वाचकांपैकी ज्यांच्या घरात मुलगा वा मुलगी डॉक्टर होत आहे त्यांना ती पाठ असेल, पण इतरांना तिची कल्पना येणे कठीण आहे.

इकडच्या घराची रीत अशी, की देशभरातील सर्व डॉक्टरांनी एका दिवशी दोनशे प्रश्नांची उत्तरे साडेतीन तासांत लिहावीत आणि त्यातून प्रत्येकाला एक क्रमांक मिळावा. तो क्रमांक हीच त्याची ओळख. त्याला कोणती शाखा हवी आहे, का हवी आहे, तो बोलतो कसा, रुग्णाच्या खाटेशी उभा कसा राहतो, हे कोणी विचारीत नाही. यात एक प्रकारची निष्ठुर समता आहे आणि तिचे मोल मी कमी मानीत नाही. दातिवऱ्याच्या मुलीला कोणाची ओळख काढावी लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण या घरात पंगत केव्हा बसेल याचा नेम नाही. २०२४ ची परीक्षा २३ जूनला ठरली होती, आणि ती पुढे ढकलल्याची वार्ता २२ जूनच्या रात्री आली. पुतणी परक्या शहरात परीक्षाकेंद्राजवळ खोली घेऊन राहिली होती. तिने मला दूरध्वनी केला तेव्हा रडू येत असावे असे वाटून मी समजुतीचे शब्द जुळवू लागलो, पण ती एवढेच म्हणाली, "काका, उद्या सकाळी काय करायचे असते हेच मला आठवत नाहीये." पुढे ती परीक्षा ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली, आणि अखिल भारतीय जागांच्या पहिल्या फेरीचा निकाल लागायला नोव्हेंबर उजाडला.

तिकडच्या घराची रीत याच्या उलट. तेथे आधी आठ तासांची एक परीक्षा आणि नंतर नऊ तासांची दुसरी. दोन्ही आपल्या देशात बसून देता येतात. पहिलीत २०२२ पासून गुण कळवीत नाहीत, उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेच कळवतात. मग सप्टेंबरात रुग्णालयांकडे अर्ज. प्रत्येक अर्जाला वेगळे शुल्क. दादांनी त्यासाठी बँकेतील एक ठेव मोडली आणि ती कशासाठी ठेवली होती हे कोणाला सांगितले नाही. अर्जांबरोबर शिफारसपत्रे आणि 'मी कोण आणि मला हे का हवे' असा एक स्वपरिचयाचा निबंध. त्यातून ज्यांना रस वाटेल ती रुग्णालये मुलाखतीस बोलावतात. २०२० च्या साथीपासून या मुलाखती बहुधा पडद्यावरच होतात. शेवटी उमेदवार आपल्या पसंतीच्या क्रमाने रुग्णालयांची यादी देतो, रुग्णालये उमेदवारांची देतात, आणि मार्च महिन्यातील एका शुक्रवारी यंत्र सांगते, की तुझी गाठ अमक्याशी पडली.

पडलेली गाठ दोन्ही पक्षांना बंधनकारक असते. इकडेही रुजू झाल्यावर जागा सोडली तर दंड आहे. म्हणजे दोन्ही घरे पाहुण्याला बांधून घेतात. फक्त एकमेकांना विचारीत नाहीत.

यांतील स्वपरिचयाच्या निबंधापाशी माझा या प्रकरणात प्रवेश होतो. घरात इंग्रजी शिकवणारा मी एकटा. तेव्हा ते काम माझ्याकडे आले आणि मी ते मोठ्या उत्साहाने केले. पुतणीने लिहिलेले पान साधे होते. तिला प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग ही शाखा हवी होती. परदेशी पदवीधरांना तिकडे ती क्वचितच मिळते, म्हणून बहुतेक अर्ज तिने सामान्य वैद्यकासाठी केले होते. त्या पानात तिने आपण काय शिकलो, कोणत्या कक्षात काम केले, कोठे चुकलो आणि त्यातून काय उमगले हे लिहिले होते. मला ते पान निर्जीव वाटले. साहित्याच्या अध्यापकाला सगळ्याच साध्या गोष्टी निर्जीव वाटतात. मी तिच्या पानाच्या आरंभी एक परिच्छेद जोडला.

तो माझ्या वडिलांच्या मृत्यूचा होता. १९९३ च्या श्रावणात एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. पाऊस कोसळत होता, गावात त्या वेळी डॉक्टर नव्हता. शेजाऱ्यांची एक जीप मिळाली, तिच्यात त्यांना आडवे घालून सफाळ्यापर्यंत नेले, आणि गाडीची वाट पाहत असताना फलाटावरच त्यांचा प्राण गेला. हे सारे खरे आहे. त्या रात्री त्यांचे डोके दादांच्या मांडीवर होते आणि मी छत्री धरली होती. मी ते इंग्रजीत लिहिले, आणि मला सांगायला लाज वाटते, पण ते फार चांगले उतरले. शेवटी मी एक वाक्य घातले. त्याचा आशय असा, की ज्या गावाने मला आजोबा पाहू दिले नाहीत, त्याच गावाने मला डॉक्टर केले.

पुतणीने ते वाचले, पेन्सिल घेतली आणि सबंध परिच्छेदावर एक तिरकी रेघ ओढली.

"काका, ही गोष्ट तुमची आहे. माझ्या जन्माआधीची. मी आजोबांचा फोटो पाहिला आहे, तेवढेच."

"पण ती खोटी नाही."

"खोटी नाही. पण मी ती सांगून काय मागते आहे ते पाहा ना. आमच्या गावात डॉक्टर नव्हता म्हणून आजोबा गेले. तेव्हा मला इथून हजारो मैलांवर डॉक्टर होऊ द्या. असेच झाले ना ते?"

मी निरुत्तर झालो. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांच्या निबंधांतील तर्कदोष मी लाल शाईने दाखवीत आलो. माझ्या सर्वांत चांगल्या परिच्छेदातील तर्कदोष एका मुलीने पेन्सिलीने दाखवला.

परंतु तिने लगेच पुढे असेही सांगितले, की दूर जाणे यात तिला काही पाप वाटत नाही. फक्त गावाचे दुःख प्रवासखर्चासाठी वापरू नये एवढेच तिला वाटते. त्या वेळी तिच्याकडून मला आणखी एक गोष्ट कळली. तिकडे शिक्षणासाठी जाणाऱ्या बहुतेक परदेशी डॉक्टरांना मिळणाऱ्या परवान्याची अट अशी आहे, की शिक्षण संपल्यावर त्यांनी दोन वर्षे मायदेशी परतले पाहिजे. ही अट माफ करून घ्यायची तर एक नेहमीचा मार्ग असा, की ज्या भागात डॉक्टर जात नाहीत अशा आडबाजूच्या भागात तीन वर्षे काम करावे. म्हणजे अमेरिकेलाही आपली दातिवरी आहेत, आणि तेथेही घरचे डॉक्टर जायला नाखूष असतात! आपल्याकडेही शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याकडून एका वर्षाच्या सेवेचे बंधपत्र लिहून घेतात. श्रीमंत घर आणि गरीब घर यांची भूक एकच. फक्त एका घराला पाहुणा दुसऱ्याच्या पंगतीतून उठवून आणणे परवडते.

त्या हिवाळ्यात चार रुग्णालयांनी तिला मुलाखतीस बोलावले. तीन सामान्य वैद्यकाची, एक कुटुंबवैद्यकाचे. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. साडेसातला मुलाखत असे. त्यांतील एक दातिवऱ्याच्या घरी झाली, कारण आईला बरे नव्हते आणि पुतणीने तिच्याजवळ राहायचे ठरवले. माजघरात टेबल मांडले, मागच्या भिंतीवरील दिनदर्शिका उतरवली. बाहेर वाऱ्याबरोबर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता आणि हा वास पलीकडे जात नाही ना, अशी वहिनींनी खरोखरच चौकशी केली. मुलाखत चालू असताना वीज गेली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा तेवढा दिसत राहिला आणि ती बोलत राहिली. आई आतल्या खोलीत पडून ते परभाषेतले बोलणे ऐकत होती. मुलाखत संपल्यावर तिने विचारले, "होकार आला का ग?" जणू पाहुणे मुलगी पाहून गेले होते.

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. या जुळवणीचे गणित ज्या दोन गणितज्ञांनी प्रथम मांडले त्यांनी १९६२ च्या आपल्या लेखात लग्नाचाच दृष्टान्त घेतला होता. गेल आणि शेपली ही त्यांची नावे. गंमत अशी, की डॉक्टरांनी व रुग्णालयांनी ती रीत व्यवहारात त्याआधीच दहा वर्षे शोधून काढली होती. पूर्वी तिकडची रुग्णालये चांगला विद्यार्थी हातचा जाऊ नये म्हणून त्याला इतके आधी मागणी घालीत, की पदवीला दोन-दोन वर्षे अवकाश असे. पुढे तारखा ठरल्या तेव्हा मुदतीची ओढाताण सुरू झाली. होय की नाही ते काही तासांत सांगा, नाही तर जागा दुसऱ्याला. हे असह्य होऊन १९५२ साली ही मध्यवर्ती जुळवणी सुरू झाली. तिची पहिली योजना पुढे आली तेव्हा खुद्द विद्यार्थ्यांनीच तिच्यातील एक खोट दाखवून दिली: जो विद्यार्थी धीर करून आपली खरी आवड पहिली लिहील, त्याचे तीत नुकसान होण्याचा संभव होता. ती खोट काढून टाकण्यात आली. पुढे ऑल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने या पद्धतीचा कसून अभ्यास केला, १९९८ पासून तिचे सुधारलेले रूप चालू झाले, आणि २०१२ साली शेपली व रॉथ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही रीत समजायला सोपी आहे. प्रत्येक उमेदवार प्रथम आपल्या पहिल्या पसंतीच्या दारी जातो. ते घर त्याला तोंडी होकार देते, पक्का नव्हे. त्याच्याहून त्यांना पसंत असा दुसरा कोणी आला तर पहिल्याला नारळ मिळतो, आणि तो आपल्या यादीतील पुढच्या दारी जातो. तेथेही त्याला 'उशिरा आलास' म्हणून कोणी मागे ठेवीत नाही. सगळ्यांची फिरती संपली की मगच तोंडी होकार पक्के होतात. याचा परिणाम असा, की पहिल्या दारी नकार मिळाला म्हणून दुसऱ्या दारी तुमची किंमत कमी होत नाही. म्हणून जे खरोखर हवे तेच पहिले लिहावे. आपल्याला काय मिळेल याचा अंदाज बांधून आवडीला मुरड घालण्याचे कारणच उरत नाही. २०२५ साली ४३ हजारांहून अधिक जागांसाठी ५२ हजारांहून अधिक उमेदवार या यंत्रापुढे उभे होते, आणि त्या सर्वांना दिलेला उपदेश एकच होता: खरे लिहा.

मला हे विलक्षण वाटले. ज्या व्यवहारात खरे बोलणाऱ्याचा तोटा होत नाही असे व्यवहार मी आयुष्यात फारसे पाहिलेले नाहीत.

पण त्या यादीला एक मर्यादा होती. तिच्यात रुग्णालये लिहिता येत होती, देश लिहिता येत नव्हता. कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या जुळवणीत काही समजुतीचा करार आहे. कॅनडात आधी गाठ पडली तर अमेरिकेच्या यादीतून त्या उमेदवाराचे नाव आपोआप निघते. भारत आणि अमेरिका यांच्यात असे काही नाही. ही दोन यंत्रे एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांच्यातील गाठ सोडवण्याचे काम एका चोवीस वर्षांच्या मुलीने आपल्या डोक्यात करायचे असते.

डिसेंबरच्या अखेरीस तिला राज्यातील एका शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. शाखा: प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग. ती रुजू झाली, आणि तिचे दिवस व रात्री एकच झाल्या. तिकडची यादी भरण्याची मुदत ५ मार्च २०२५ रोजी रात्री नऊपर्यंत होती. म्हणजे आपल्याकडे ६ मार्चच्या सकाळी साडेसात. तोवर नाव काढून घेतले तर काही बाधा नव्हती. त्यानंतर गाठ पडली तर जाणे भाग होते.

त्या रात्री ती सुटी घेऊन दातिवऱ्याला आली होती, आणि मीही मुद्दाम गेलो होतो. तिने कोणाचा सल्ला विचारला नाही. जेवणे झाल्यावर तिने एक कोरा कागद घेतला आणि ज्या दोन याद्या जगात कोठेही एकत्र येत नव्हत्या त्या त्यावर एकत्र लिहिल्या. चार अमेरिकेतील रुग्णालये आणि एक इकडचे महाविद्यालय. मग तिने त्यांना क्रमांक दिले. कागद तिने झाकला नाही, मी पाहिला. इकडच्या जागेपुढे एक हा आकडा होता.

माझ्या मनात त्या क्षणी जे आले ते अभिमान नव्हते. ती निराशा होती. ज्या मनुष्याने गावाच्या दुःखाचा परिच्छेद लिहिला, त्याला मुलगी गावाच्या जवळ राहते याचा आनंद व्हायला हवा होता. पण मला तिने जायला हवे होते. मी ते लपवण्यासाठी म्हणालो, "आजीसाठी राहतेस का? तसे असेल तर करू नकोस."

"नाही," ती म्हणाली. "मला बाळंतपणे करायची आहेत, आणि ती शाखा मला इथे मिळाली, तिकडच्या चारांपैकी एकानेही ती दिलेली नाही. तिथे ती मिळाली असती तर मी गेले असते, काका. आजी असली तरी."

आई ऐकत होती. ती म्हणाली, "बरोबर आहे." आणि झोपायला गेली.

सकाळी सात वाजण्याच्या सुमारास पुतणीने आपले नाव काढून घेतले. त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

पुढच्या काही महिन्यांत नातेवाईकांनी या निर्णयाचे एक सुंदर आख्यान रचले. पोरगी अमेरिका सोडून मातीला जागली, आजीच्या मायेला जागली, देशाला जागली. एका समारंभात तिचा तसा सत्कारही व्हायचा होता. ती प्रत्येकाला न कंटाळता सांगत राहिली: "तसे नाही हो. मला ही शाखा हवी होती, तेवढेच." लोकांना हे उत्तर आवडत नसे. सत्कार बारगळला.

मला मात्र त्या उत्तराने झोप येईनाशी झाली. आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख मी लिहीत आहे.

१९९३ साली मीही दोन्ही घरचा पाहुणा होतो. एम. ए. झाल्यावर मी इंग्लंडमधील एका विद्यापीठाकडे अर्ज केला होता आणि मुंबईतील एका महाविद्यालयाकडेही. विद्यापीठाने प्रवेश दिला. शिष्यवृत्ती मात्र मिळाली नाही. ते पत्र एप्रिलात आले. जूनमध्ये मी महाविद्यालयात रुजू झालो. वडील गेले ते ऑगस्टात. हा क्रम मी येथे तारखेवार लिहून ठेवतो, कारण गेली तीस वर्षे मी तो उलटा सांगत आलो आहे. प्रथम उघड खोटे असे काही बोललो नाही. कोणी तरी हळहळत म्हणाले, "वडील गेले म्हणून तुझे विलायतेला जाणे राहिले," आणि मी गप्प बसलो. पुढे मीच ते सांगू लागलो. 'आईला टाकून कसा जाणार?' हे वाक्य मी विद्यार्थ्यांपुढे, स्नेह्यांपुढे, एका मुलाखतीतसुद्धा उच्चारले आहे. आईनेही ते ऐकले आहे. माझ्या न जाण्याचे ओझे या म्हातारीने तीस वर्षे आपल्या डोक्यावर वागवले असेल, हा विचार त्या सकाळी चहाच्या पेल्यापाशी बसलो असताना प्रथमच माझ्या मनात आला.

म्हणजे उपाशी राहिलो तो मी. दोन घरी गेलो म्हणून नव्हे. कोणत्या घराने मला परत पाठवले हे मी कोणाला सांगितले नाही म्हणून. परत पाठवले जाण्यात काही लाज नव्हती. पैसे नव्हते, शिष्यवृत्ती आली नाही. असे हजारोंचे होते. पण त्या साध्या गोष्टीवर मी वडिलांच्या मृत्यूची चादर घातली, आणि तीच चादर पुतणीच्या निबंधावर घालू पाहत होतो. तिने ओढलेली ती तिरकी रेघ तिच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ लांब गेली आहे.

पुतणी आता रात्रपाळ्या करते. परवा तिने कळवले, की एका रात्रीत तिच्या हातून चार बाळंतपणे झाली आणि चारही सुखरूप. पाच वर्षांनी ती कोठे असेल हे मला ठाऊक नाही, तिलाही नाही. ती पुन्हा दुसरे दार ठोठावणार नाही असे तिने वचन दिलेले नाही, आणि आम्ही ते मागितलेलेही नाही. विद्यार्थी अजून दोन-दोन अर्ज घेऊन सहीसाठी माझ्याकडे येतात. मी सही करतो. म्हण देत नाही; खरे काय हवे आहे तेवढे विचारतो, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबतो.

हे मासिक आमच्या दातिवऱ्याच्या घरी येते. आईची दृष्टी आता कमी झाली आहे. दुपारी पडवीत बसून दादा तिला ते मोठ्याने वाचून दाखवतात, आणि माझा लेख असला तर तो प्रथम वाचतात. आधी चाळून पाहण्याची त्यांना सवय नाही, त्यामुळे हे पान येईपर्यंत त्यांना काही कल्पना असणार नाही. दादा, येथपर्यंत आलाच आहात तर थांबू नका, वाचून टाका. मी शनिवारी सकाळच्या गाडीने सफाळ्याला उतरतो आहे. आई जे काही म्हणेल ते मला तिच्याच तोंडून ऐकायचे आहे.